दोन ते पाचचा पहारा

वीणेचा पट्टा खांद्यात रुतायला लागला तशी गोपालने हनुवटीने तो कॉलरवर सरकवला. उजव्या हाताचं बोट तारेवरून न काढता अंगाचा भार डाव्या पायावर घेतला. मंडपाच्या खांबाला टांगलेल्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याचा पहारा दोनला संपला होता.

छगनआबा खुर्चीतून उठले. सप्त्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर त्यांनी सात दिवसांच्या पहाऱ्यांची यादी लिहिली होती. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती पुन्हा वाचली.

"अकरा ते दोन, गोपाल. दोन ते पाच, गजेंद्र चिंधा." त्यांनी मंडपाच्या तोंडाकडे पाहिलं. "कुठं आहे हा?"

"येईल, आबा."

"परवापर्यंत तर आफ्रिकेतच होता म्हणे. मारुतीसारखा समुद्र ओलांडून येणार का?"

गोपालने नजर तारेवर वळवली.

"शालिग्रामला फोन लावतो. पाचला त्याचाच नंबर आहे, आताच उभा राहील."

"नको आबा. मी आहे ना."

"अरे, अकरापासून उभा आहेस. पाय आहेत का मंडपाचे बांबू?"

"आहे मी उभा."

आबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग 'तुझी मर्जी' अशा अर्थाने पुठ्ठा खुर्चीवर टाकला आणि अर्धा चहा घ्यायला नाक्यावर गेले.

सुरतेच्या बमरोलीतल्या खानदेशी लोकांचा हा सप्ता दरवर्षी याच मोकळ्या प्लॉटवर बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा उभी असते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. खात्यातली, म्हणजे मागाच्या कारखान्यातली, पाळी सुटली की माणूस आंघोळ करून इथे येतो, तीन तास उभा राहतो आणि पुन्हा मागावर जातो. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पाया सगळ्यांनी पडायचं, मग तो वयाने केवढाही असो. आणि ज्याच्या गळ्यात वीणा, त्याने खोटं बोलायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

दुपारी मंडपात कोणी नसतं. पारायण बाराला संपतं, संध्याकाळचं भजन पाचला. सतरंज्यांच्या घड्या पडलेल्या होत्या. भिंतीपलीकडच्या खात्यातले माग खटखट चालले होते आणि त्या आवाजाखाली वीणेची एकच तार वाजत होती.

सव्वादोनला सुंदरामावशी आली. हिरवी, इस्त्रीची साडी नेसलेली. गजेंद्रची आई. चप्पल बाहेर काढून ती सरळ गोपालपुढे आली आणि वाकून त्याच्या पावलांवर डोकं टेकलं. गोपालने डोळे मिटले. लहानपणी तापात असताना याच बाईने त्याला रात्रभर मांडीवर घेतलं होतं. तिला वाकू नको म्हणता येत नव्हतं. ती त्याच्या पाया पडत नव्हती, वीणेच्या पडत होती.

"आला नाही का अजून?" गुडघ्यावर हात देत ती उठली आणि समोरच्या सतरंजीवर बसली. "अरे, तू कशाला घाबरतोस? आबा काही बोलला का? मी सांगते त्याला. विमानाचं काय खरं असतं?"

गोपालने मान हलवली, ती होकारार्थी की नकारार्थी ते त्यालाही कळलं नाही.

तो आणि गजेंद्र एकाच गल्लीतले. एकाच खात्यात माग जुळवायला शिकले. चार वर्षांपूर्वी सुरतेहून जुने माग इथिओपियातल्या एका मिलमध्ये गेले, तेव्हा त्या मागांबरोबर हे दोघेही गेले. करार संपला तेव्हा थेट घरी न येता दोघे बसने, आगगाडीने देश बघत खाली उतरले. केनिया, टांझानिया, झांबिया. गल्लीला एवढं माहीत होतं. मोठ्या धबधब्यापुढचा दोघांचा फोटो मावशीने छापून घेतला होता आणि साड्यांवर खडे चिकटवता चिकटवता येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला होता. गजेंद्र फोटोत गोपालच्या खांद्याआड अर्धा उभा होता. मावशी म्हणायची, लाजाळू आहे माझा.

गल्लीला जे माहीत नव्हतं ते असं. पाच महिन्यांपूर्वी मिलमध्ये कापड दाबणाऱ्या दोन रोलरमध्ये गजेंद्रचा उजवा हात ओढला गेला होता. मशीन बंद करायला गोपालला किती वेळ लागला ते त्याने नंतर मनात अनेकदा मोजलं. कोपराच्या खाली काही राहिलं नाही. दवाखान्यातून सुटल्यावर गोपालने दोघांची तिकिटं मुंबईची काढायला घेतली, तेव्हा गजेंद्र म्हणाला, "आधी केनिया बघू. जवळ आहे."

केनियात नैरोबीच्या गुजराती मंदिरातल्या धर्मशाळेत आठ दिवस राहिले. गोपाल माळकरी, त्याचं जेवण तिथेच जमायचं. नवव्या दिवशी गजेंद्र म्हणाला, "टांझानिया राहिलं." दारेसलामला समुद्र बघून झाला तेव्हा म्हणाला, "आता एक देश फक्त."

प्रत्येक सरहद्दीवर काचेच्या पेटीवर बोटं ठेवायला सांगत. उजव्या हाताची चार. गजेंद्र बाही मागे सारून उरलेला हात खिडकीत ठेवायचा. साहेब कधी चपापायचा, कधी उठून उभा राहायचा, एका बाईने तर डोळे पुसले. गजेंद्र शांत असायचा. नुसता शांत नाही, बरा दिसायचा. गोपालला ते पहिल्या सरहद्दीवर कळलं नाही, दुसऱ्या सरहद्दीवर कळलं. अनोळखी माणसाला दाखवायला त्याला काहीच वाटत नव्हतं.

धबधब्याच्या गावी, पाण्याच्या तुषारात भिजत, गजेंद्र एकदाच बोलला. "आई आधी हात धरेल. दोन्ही हातांनी धरेल आणि सोडायची नाही. लोक बघत असतील. तिथं मी संपलो, गोपाल." आणि मग गोपालच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला डावा हात लावून म्हणाला, "हिची शपथ घे. तू सांगायचं नाहीस. मी सांगेन तेव्हा सांगेन."

गोपालने शपथ घेतली. त्याला वाटलं होतं, घर जवळ आलं की याची भीती मोडेल. सुरत स्टेशनवर दोघे उतरले तेव्हा गजेंद्रने बमरोलीची रिक्षा केली नाही. सुरतेबाहेर सचिन नावाचं गाव आहे, तिथे मगन नावाचा ओळखीचा कारागीर राहतो, त्याच्या खोलीवर गेला. त्याला अकरा दिवस झाले. अकरा दिवस गोपाल मावशीला सांगत होता की कागदपत्रं अडकलीत, सप्त्यापर्यंत येईल. मावशीने ते खरं मानून त्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहून घेतलं होतं.

आदल्या रात्री कीर्तनात महाराज उभं राहण्यावर बोलले होते. भक्त हातातलं काम टाकून येत नाही म्हणून देव रागावला नाही, निघून गेला नाही, उभा राहिला. "वाट बघणं हीसुद्धा सेवा आहे, माऊली," महाराज म्हणाले आणि पखवाजवाल्याने अशी थाप दिली की मागे डुलक्या घेणारे म्हातारेसुद्धा सावरून बसले. गोपालच्या अंगावर काटा आला होता. सकाळी त्याने गजेंद्रला फोन करून सांगितलं, "तुझा नंबर दोनला आहे. तू येईपर्यंत मी वीणा दुसऱ्याला देणार नाही. कितीही वाजू देत."

आता तीन वाजत आले होते. पोटऱ्यांत गोळे येत होते. गळ्यात माळ होती, ती सांगू देत नव्हती. गळ्यात वीणा होती, ती खोटं बोलू देत नव्हती. तो तार छेडत राहिला.

"तिकडं गजू जाड झाला का रे?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मग बारीक?"

"थोडा."

"भाकरी कुठली मिळणार म्हणा." ती स्वतःशीच हसली. "सासूबाई म्हणायच्या, परदेशी गेलेल्याची दोन वेळा दृष्ट काढायची. एकदा जाताना, एकदा येताना. मी मिरच्या आणून ठेवल्यात."

शर्टाच्या खिशात फोन थरथरला. गोपालचं बोट तारेवर घसरलं. फोन वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजू लागला.

"त्याचाच असेल," मावशी उठली. "थांब, मी काढते."

"राहू दे मावशी. पहाऱ्यावर फोन नको."

"राहू दे काय? रस्त्यात असेल, कुठं यायचं ते विचारत असेल. तू वाजव, मी धरते."

एक पाऊल मागे सरकायची सोय नव्हती. मागे देवाचा चौरंग होता. मावशीने दोन बोटांनी खिशातून फोन काढला. पडद्यावर धबधब्यापुढचा गजेंद्र होता. ती त्याच्याकडे बघून हसली, अंगठ्याने हिरवी खूण सरकवली आणि टाचा उंचावून फोन गोपालच्या कानाला लावला.

"गोपाल? ऐकू येतंय का?" मागांच्या आवाजावर जायला म्हणून गजेंद्र ओरडून बोलत होता. "कुणाला तरी देऊन टाक ती वीणा. मी नाही येत."

"हं," गोपाल म्हणाला.

"तुला वाटतं रिक्षात बसायचं आणि यायचं. एवढंच आहे. सकाळपासून दोनदा बसलो मी. अर्ध्या रस्त्यात, भेस्तानपर्यंत आलो आणि परत गेलो. दोनदा."

मावशीचा हात कानाशी होता तसाच राहिला. तिच्या बांगड्या गोपालच्या गालाला लागत होत्या.

"ऐकतोयस ना? काहीतरी बोल ना रे." मग आवाज उतरला. "आई आहे का तिथं?"

गोपालने ओठ उघडले आणि मिटले.

"आहे," गजेंद्र म्हणाला. फोन बंद झाला.

मावशीने फोन खिशात ठेवला. खिशाला बटण होतं, ते लावलं. मग ती पुन्हा सतरंजीवर जाऊन बसली. म्हणाली, "भेस्तान. इथलं भेस्तान."

गोपाल तार वाजवत होता.

मंडपात ती कधी घरची अहिराणी बोलायची नाही. आता बोलली. "खरं सांग भाऊ. कोठे शे मना गजू?"

"मावशी, माळेवर हात ठेवून शपथ घेतलीय माझ्याकडून."

तिने त्याच्या गळ्याकडे पाहिलं, माळेकडे आणि पट्ट्याकडे. मान डोलावली.

"मग तू नको बोलू. मी बोलते. तू वाजव." साडीच्या निऱ्यांवरचा एक खडा सुटला होता, तो ती नखाने दाबत राहिली. "आधी तो जेवतानाच फोन करायचा. कायम. ताट दाखवायचा, आज डाळ कच्ची, आज भात चिकट. मी म्हणायची, तोंडात घास घेऊन बोलू नको. पाच महिने झाले. एकदाही जेवताना फोन नाही. जेवलास का विचारलं की जेवलो म्हणतो. चेहरा दाखवतो. जेवताना दिसत नाही."

तिचं नख खड्यावर थांबलं.

"उजवा हात ना?"

तार थांबली. पलीकडे माग चालले होते ते एकदम मोठे ऐकू आले. गोपालने मान हलवली नाही. मग त्याचं बोट पुन्हा तारेवर पडलं.

मावशीने खडा सोडून दिला. आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवला, सुलटा ठेवला.

"दुखतो का अजून?"

याचं उत्तर शपथेच्या आड येत नव्हतं. "नाही," गोपाल म्हणाला.

"बरं." तिने पदराने नाक पुसलं. "आणि तू इथं उभा राहून काय करणार होतास?"

"तो येईपर्यंत उभा राहणार होतो. रात्री महाराज म्हणाले ना..."

"महाराज देवाचं सांगत होते. देवाला शोभतं उभं राहणं. तू कुठला देव लागून गेलास?" तिचा आवाज चढला नव्हता, पण गोपालला खांद्यावर काहीतरी बसल्यासारखं झालं. "चार देश त्याच्यासंगं चाललास. आणि शेवटच्या चार कोसाला म्हणतोस, एकटा ये."

सकाळी फोन ठेवताना आपण काहीतरी मोठं करतोय असं त्याला वाटलं होतं. चार तास तो गजेंद्रला ओढत होता आणि त्या चार तासांत गजेंद्र दोनदा एकटाच भेस्तानपर्यंत आला होता.

मावशी गुडघ्यावर हात देऊन उठली. पदर कमरेला खोचला. "दे इकडं."

छगनआबा तेवढ्यात आत आले. चहाचा ग्लास हातात तसाच. "काय चाललंय, सुंदरा?"

"पहारा घेतेय."

"तू? अगं, आपल्या सप्त्यात बाईने पहारा कधी..."

"पुठ्ठ्यावर काय लिहिलंय? गजेंद्र चिंधा. चिंधा माझा नवरा, गजेंद्र माझा मुलगा. घराचा नंबर आहे, घरातलं माणूस उभं आहे."

"तसं नसतं ते. महाराजांना विचारावं लागेल."

"विचार ना. झोपलेत ते, उठले की विचार. तोवर हा पडला आणि वीणा खाली टेकली तर ते कुणी विचारायचं, तेही विचारून ठेव."

आबांनी गोपालच्या पायांकडे पाहिलं. ते खरोखर थरथरत होते. आबा चहाचा घोट घेऊन दुसरीकडे बघत म्हणाले, "पाचच्या आत मोकळी हो म्हणजे झालं. पाचला लोक येतात."

मावशीने वीणेला हात लावून कपाळाला लावला. गोपालने पट्टा डोक्यावरून काढला आणि तिच्या गळ्यात घातला. भोपळा कुठे टेकवायचा ते तो सांगायला गेला.

"वीस वर्षं तुझ्या काकांच्या गळ्यात बघितलीय. मला शिकवू नको."

डाव्या हातात दांडी, उजव्याचं बोट तारेवर. पहिला आवाज कोरडा निघाला, दुसरा बरा. गोपाल तिच्या पाया पडला, तेव्हा ती वाकून त्याला उठवू शकली नाही. नुसती बघत राहिली.

"ऐक," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, आईचे दोन्ही हात गुंतलेत. पाचपर्यंत सुटायचे नाहीत. मी काही धरायची नाही, काही बघायची नाही. डोळे देवाकडे. आणि वीणा गळ्यात असताना रडत नसतात, एवढं त्यालाही माहीत आहे."

गोपाल बाहेर येऊन चप्पल शोधू लागला. पावलं चपलेत शिरेनात, इतकी सुजली होती. चप्पल हातात घेऊन तो तसाच नाक्यापर्यंत गेला आणि सचिनची रिक्षा केली.

सचिनच्या त्या खोलीचं दार उघडंच होतं. मगन पाळीवर गेला होता. गजेंद्र खाटेच्या कडेला बसला होता, पायात बूट होते. गोपालला पाहून तो ताडकन उठला.

"वीणा कुठं आहे?"

"आईच्या गळ्यात."

गजेंद्रने त्याच्याकडे पाहिलं. मग दाराकडे, जणू गोपालच्या मागून आणखी कुणी येणार होतं.

"तू सांगितलंस."

"नाही. तिने विचारलं, मी गप्प राहिलो."

"रडली?"

"नाही." गोपाल उंबऱ्यावरच टेकला. पाय आता उचलवत नव्हते. मावशीचे शब्द त्याने रस्ताभर घोकले होते, तसेच सांगितले. दोन्ही हात गुंतलेत. पाचपर्यंत. धरायची नाही, बघायची नाही.

गजेंद्र खाली बसला. डाव्या हाताने उजव्या बाजूचं मनगट, जिथे ते असायचं तिथे, चाचपलं. बाहेर रंगाच्या मिलचा टँकर मागे येत होता, त्याची टीटी ऐकू येत राहिली.

"मंडपात कोण आहे?"

"आबा. बाकी कुणी नाही. पाचला लोक येतील."

"आणि ती उभी आहे."

"उभी आहे."

"गुडघा?"

"मी विचारलं नाही."

"तिला दहा मिनिटं उभं राहवत नाही, गोपाल." तो रागावून बोलला. गेल्या पाच महिन्यांत त्याचा राग गोपालने पहिल्यांदा ऐकला. "पोळ्या बसून लाटते ती. तू तिला उभी करून आलास?"

गोपालने मगनच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

गजेंद्र उठला. खुंटीवर पूर्ण बाह्यांचा नवा पांढरा शर्ट होता, पहाऱ्यासाठी कधीतरी आणलेला, घडीच्या रेघा अजून तशाच. तो त्याने डाव्या हाताने काढून अंगाला लावला. उजवी बाही कोपरापासून खाली रिकामी लोंबली. ती त्याने थोडा वेळ पाहिली आणि शर्ट परत खुंटीला अडकवला. अंगातला शर्ट अर्ध्या बाह्यांचाच होता, त्याची कॉलर नीट केली.

"ऊठ," तो गोपालला म्हणाला. डावा हात त्याने पुढे केला होता. "चालता येईल ना तुला?"